गुडघे टेकणारी गाडी

दूधवाल्याची मोटरसायकल देवासच्या मीठा तालाबाच्या वळणावर ऐकू यायच्या आत शंतनू भोईटेला एक काम उरकावं लागे. पायांत चपला अडकवायच्या, पोर्चमध्ये जायचं आणि गाडी उभी करायची.

उभी करायची म्हणजे अक्षरशः उभी करायची. रात्रभरात ती खाली बसलेली असे. चाकं मडगार्डच्या आत शिरलेली, पोट फरशीला टेकायला आलेलं. शंतनू इंजिन सुरू करी. खालून पंपाची घरघर ऐकू येई. मग आधी मागची बाजू, नंतर पुढची, अशी ती काळी, परदेशी बनावटीची, अडीच टनांची गाडी दमलेल्या म्हशीसारखी कण्हत वर येई. शेजारपाजारचे लोक दूध घ्यायला बाहेर पडेपर्यंत ती पुन्हा दिमाखात उभी दिसे. लोक पांगले की शंतनू फाटक ओढून घेई, आत जाऊन चहा घेई आणि कारखान्याच्या बसने कामाला जाई.

"आपल्याकडे एक पेशंट आहे," त्याची बायको कल्पना म्हणायची. "सकाळ-संध्याकाळ उठवावा लागतो. फक्त औषध तेवढं आपण घेतो."

या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या होत्या. पिशव्या जुन्या झाल्या की हवा झिरपते, आणि इंजिन बंद झालं की गाडी तासाभरात खाली येते. एक पिशवी शंतनूने इंदूरच्या वर्कशॉपमध्ये बदलून घेतली. तेवढ्या पैशांत एखादी जुनी छोटी गाडी आली असती. थोड्याच दिवसांत दुसरी पिशवी गेली, मग पंप रडू लागला, मग गिअरबॉक्सचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. वर्कशॉपच्या माणसाने सगळ्या कामाचा अंदाज सांगितला, तेव्हा नवरा-बायको इंदूरहून देवासपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

तेव्हापासून ते घर गाडीला बांधलं गेलं. कल्पनाच्या भावाने धरमपुरीला नर्मदेकाठी नवं घर बांधलं, वास्तुशांतीला दोन रात्री राहायला बोलावलं. शंतनू गेला नाही. गाडी कोण उठवणार? मुलगी किमया इंदूरच्या कॉलेजात शिकत होती, वसतिगृहात राहत होती. तिच्या फीचा पुढचा हप्ता थकला होता, कारण त्यासाठी ठेवलेले पैसे त्या पहिल्या पिशवीत गेले होते. आणि हे सगळं बाहेर कोणालाही ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं, "कशी काय चालते हो गाडी?" की शंतनू ठरलेलं उत्तर देई: "एक नंबर!"

दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. भोईट्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. घरात एक तलवार होती. खंडेनवमीला तिची पूजा होई, आणि तलवारीबरोबर दारातल्या वाहनाचीही. पूर्वी घोडा असे, आता गाडी. ज्याची पूजा केली त्याला नावं ठेवायची नाहीत, असा घरातला दंडक होता. तलवार बोथट आहे असं कोणी म्हणत नसे. तसंच गाडीचं झालं.

त्यात समाजातली आणखी एक रीत. देवासच्या मराठी मंडळींत ज्याच्या दारात सगळ्यांत मोठी गाडी, त्याने ती लग्नसराईत वरातीला द्यायची. भाडं घ्यायचं नाही. तो मान! दोन लग्नसराया शंतनूने तो मान पंपाच्या घरघरीकडे कान लावून मिरवला. दुसऱ्या वर्षी यशवंतराव शितोळ्यांच्या मुलाच्या वरातीत व्हायचं ते झालं. बँडच्या मागे रांगत रांगत गाडी कार्यालयाच्या दाराशी पोहोचली, आणि तापलेल्या पंपाने मान टाकली. नवरदेव आत, फेटेवाली मंडळी सभोवती, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाडी हळूहळू खाली बसली.

बँड थांबला. शंतनूच्या तोंडून शब्द निघून गेले: "घाबरू नका! फीचर आहे. नवरदेवाला उतरायला त्रास नको म्हणून गाडी गुडघे टेकते!"

मग टाळ्यांचा कडकडाट! कोणी म्हणालं, "हत्ती बसतो तशी बसली की!" कोणी नवरदेवाला म्हणालं, "पाय जपून ठेवा राजे, वाहन वाकलंय!" बायकांनी गाडीला कुंकू लावलं. लोक जेवायला गेल्यावर शंतनूने तिला कशीबशी उठवून घरी आणली. त्या रात्रीपासून गावात गाडीचं नाव पडलं, गुडघे टेकणारी गाडी.

त्या टाळ्यांमध्ये सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारा तरुण होता पियूष शितोळे, यशवंतरावांचा पुतण्या.

पियूष शंतनूच्याच कारखान्यात होता, त्याच्याच हाताखाली. कारखान्यात गिअर तयार होत. शंतनू तिथे तपासनीस होता. तयार माल त्याच्या टेबलावरून पुढे जाई. एखाद्या गिअरच्या दातात केसाएवढी चीर दिसली की शंतनू त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढी. मग तो नग मालकाने सांगितलं तरी पुढे जात नसे. हे काम पियूषला त्यानेच शिकवलं होतं. "चीर दिसली आणि पट्टा ओढला नाही, तर ती चीर आपली," हे त्याचं वाक्य खात्यातल्या पोरांना पाठ होतं.

पावसाळा संपता संपता पियूष त्याच्या टेबलाशी आला.

"सर, एक बात बोलू का? गाडी विकत देणार का? मला खबर लागली, तुम्ही काढायचा विचार करून राहिलात म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"भिया," माळव्यात कोणालाही 'भाऊ' म्हणावं तसं पियूष म्हणाला, "देवास केवढं आहे! सर, माझं लग्न ठरलंय ना, शिखाशी. मी त्याच गाडीतून जाणार. आणि नंतर तिला वरातींना भाड्याने लावणार. गुडघे टेकणारी गाडी म्हटल्यावर उज्जैन, शाजापूरपासून लोक बुकिंग करतील. बाबा तयार आहेत. त्यांचा रिटायरमेंटचा पैसा आलाय."

शंतनूने त्याच्याकडे पाहिलं. "मेकॅनिकला दाखवून घे आधी."

पियूष हसला. "सर, तुम्ही पास केलेली गाडी! मी अजून कोणाला दाखवू?"

शंतनूने पुढचा गिअर तपासायला घेतला. घरी येऊन त्याने कल्पनाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "देऊन टाका. पोरीची फी भरा. मला रात्री झोप लागेल."

"पियूषच्या वडिलांचा आयुष्याचा पैसा आहे तो."

"आपला नव्हता?"

दुसऱ्या दिवशी शंतनूने पियूषला होकार दिला. खंडेनवमीला बापूसाहेबांनी, म्हणजे पियूषच्या वडिलांनी, बयाणा घेऊन यायचं असं ठरलं. भोईट्यांकडे पूजेला बसायचं, पूजा झालेल्या गाडीवर नारळ ठेवायचा, आणि दसऱ्याला गाडी घेऊन जायची. मुहूर्ताला मुहूर्त!

एकच गोष्ट राहिली होती. गाडीची दुसरी किल्ली धारला होती, जगदेवरावांकडे. जगदेवराव हे शंतनूचे सख्खे मामा. तीन वर्षांपूर्वी ही गाडी त्यांनीच त्याला विकली होती, "घरातली वस्तू घरात" म्हणून. पूजेचं आमंत्रण द्यायला आणि किल्ली आणायला शंतनू बसने धारला गेला.

मामांनी किल्ली देवघरातून काढून दिली. मामी, ज्यांना सगळं घर माई म्हणे, समोरच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. जगदेवराव खुशीत होते.

"चांगलं गिऱ्हाईक मिळालं. आता ऐक. पूजेच्या आधी अर्धा तास इंजिन चालू ठेव. पिशव्या गच्च भरू देत. पूजा झाली रे झाली की बयाणा हातात घे. जेवणं नंतर. जेवणाच्या पंगतीत वेळ जातो."

शंतनूने किल्ली खिशात ठेवली. मग त्याचा हात खिशातच थांबला.

"मामासाहेब, पिशव्यांचं मी तुम्हाला कधी सांगितलं?"

माईंचं लाटणं थांबलं.

"मी कोणालाच सांगितलेलं नाही," शंतनू म्हणाला. "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"अरे, मी ज्याच्याकडून घेतली त्या इंदूरच्या शेठने मला तरी कुठे सांगितलं होतं?" जगदेवराव चिडून म्हणाले. "मी विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, एक नंबर. व्यवहारात हे चालायचंच. आणि पूजलेल्या वाहनाला मी आपल्या तोंडाने नावं ठेवू?"

"मी तुमचा भाचा होतो, मामासाहेब."

"म्हणून तर स्वस्तात दिली!"

"स्वस्तात!" माई उठल्या. पीठ लागलेले हात पदराला पुसत त्या बाहेर आल्या. चाळीस वर्षांत नवऱ्यासमोर त्यांनी आवाज चढवलेला शंतनूने ऐकला नव्हता. आताही चढवला नाही.

"शंतनू, माझी बहीण निसरपूरला दिली होती. नर्मदेच्या धरणाचं पाणी चढून गाव बुडू लागलं, तेव्हा तिने फोन केला. म्हणाली, सासूबाईंना उठता येत नाही, तुमची मोठी गाडी पाठवा, आडवं निजवून नेऊ. ह्यांनी सांगितलं, गाडी बाहेरगावी आहे. गाडी इथे होती. या दारात. बसलेली. हे खरं सांगायची लाज वाटली. सासूबाईंना शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काढलं, भिजत. बहीण त्यानंतर या घरात आली नाही. तिला वाटतं, आम्ही गाडी दिली नाही. कसं सांगू तिला, की द्यायला गाडीच नव्हती?"

जगदेवराव खिडकीबाहेर पाहत राहिले.

"ती गाडी तुझ्याकडे गेली त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली," माई म्हणाल्या. "सुटले म्हटलं. कोण अडकतंय ते बघितलं नाही. मलाही सगळं ठाऊक होतं. मीही गप्प बसले."

"आता काय करू, माई? मी सांगितलं तर ही गाडी कोणी घेणार नाही. माझं हसं होईल. वरातीत टाळ्या वाजवलेल्या माणसांना काय तोंड दाखवू?"

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर पियूष अडकेल."

"आणि तोही एक दिवस कोणाला तरी 'एक नंबर' म्हणेल. बाळ, रबराची पिशवी फाटली तर नवी मिळते. ही गाडी इतक्या दारांतून फिरली, कारण प्रत्येक दारातल्या माणसाने आपली अब्रू सांभाळली. एकाने जरी तोंड उघडलं असतं, तर ती त्याच दारात थांबली असती. तू कारखान्यात लाल पट्टा ओढतोस म्हणे. तिथे कशासाठी ओढतोस?"

परतीच्या बसमध्ये शंतनू किल्ली मुठीत धरून बसला होता. सांगावं, असं धार सुटताना वाटत होतं. इंदूर येईपर्यंत किमयाची फी आठवली. देवासची टेकरी दिसू लागली तेव्हा त्याचं काहीच ठरलेलं नव्हतं.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. टेकरीवर देवीच्या दर्शनाची गर्दी, रस्त्यावर झेंडूचे ढीग. शंतनूने गाडी धुतली, उठवली, पुढच्या बंपरला झेंडूचा जाड हार बांधला. हाराचा झोका फरशीपासून चांगला वीतभर वर लोंबत होता. खाली किमयाने रांगोळी काढली. पाटावर तलवार, तिच्याशेजारी शंतनूची कारखान्यातली मापं. धारहून जगदेवराव आणि माई आले. बापूसाहेब पांढरी टोपी घालून आले, हातात नारळ आणि खिशात पाकीट. पियूष गाडीभोवती फिरून फिरून फोटो काढत होता.

आरतीच्या वेळी शंतनूने इंजिन बंद केलं. कुंकू लागलं, नारळ फुटला. जगदेवरावांनी भाच्याला कोपराने ढोसलं. "आता बयाणा घे."

बापूसाहेबांनी आपला नारळ गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि पाकीट काढून त्याच्याशेजारी ठेवलं. "शंतनूराव, उचला. माझ्या नोकरीची शेवटची कमाई तुमच्या हाती देतोय. तुमच्यावर भरवसा आहे म्हणून एवढ्या मोठ्या गाडीचं धाडस केलं."

शंतनूने पाकिटाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"बापूसाहेब, ते तिथेच असू द्या. आधी जेवून घेऊ. इथेच, व्हरांड्यात. गाडी समोर दिसेल असे बसू."

जगदेवरावांचा चेहरा उतरला. कल्पना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिला समजलं. ती आत जाऊन पानं घेऊन आली आणि व्हरांड्यात मांडू लागली.

पुरणपोळी वाढली. कटाची आमटी वाढली. कल्पना आग्रह करत होती. घाई करत नव्हती. बापूसाहेब धारच्या जुन्या गोष्टी सांगत होते. शंतनूची नजर हारावर होती. हार आता फरशीपासून चार बोटं वर होता.

"किल्ली फिरव," जगदेवराव दबक्या आवाजात म्हणाले. "अरे, अजून वेळ आहे. फिरव किल्ली!"

"पूजा झाली आहे, मामासाहेब," शंतनू मोठ्याने म्हणाला. "पूजलेलं वाहन आज सुरू करत नाहीत. तुम्हीच शिकवलंय."

खालून एक सुस्कारा ऐकू आला. गाडीचं नाक झुकलं. हार रांगोळीला टेकला, मग तिच्यावर पसरला. पाठोपाठ मागची बाजू खाली गेली.

"बाबा, बघा, बघा!" पियूष टाळ्या वाजवत उठला. "हाच तो फीचर! काय टायमिंग आहे, भिया! तुम्हाला नमस्कार करून राहिली!"

बापूसाहेबांनीही हसून हात जोडले.

शंतनू पानावरून उठला. "टाळ्या वाजवू नकोस, पियूष. हे फीचर नाही. हा दोष आहे!"

टाळ्या थांबल्या.

"त्या वरातीत मी खोटं बोललो. गाडी गुडघे टेकत नाही, ती मोडकी आहे. पिशव्या फुटल्यात, पंप गेलाय, गिअरबॉक्स जायला आलाय. दुरुस्तीचा खर्च ऐकून आम्ही दोघं गप्प झालो होतो, ते आजपर्यंत गप्प आहोत. रोज पहाटे मी तिला चोरून उभी करतो. ही गाडी तुम्ही घेऊ नका."

पियूषचा चेहरा लाल झाला. "परवापर्यंत तर एक नंबर होती, सर! मी दहा वेळा विचारलं. सगळ्या दोस्तांना सांगून बसलो. शिखाच्या घरी सांगितलं! आता मी त्यांना काय बोलू?"

"खरं सांग. माझं नाव घेऊन सांग."

"तुम्ही आम्हाला चीर दाखवायला शिकवलं, सर. तुम्ही!"

यावर शंतनूने मान खाली घातली. मग जगदेवरावांनी घसा साफ केला. "मलाही ठाऊक होतं," ते पानाकडे बघत म्हणाले. "मीच त्याला अशी दिली." माईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

बापूसाहेब सावकाश उठले. हात धुतले. बॉनेटवरचं पाकीट उचलून खिशात ठेवलं. नारळ मात्र तिथेच राहू दिला.

"पियूष, चपला घाल," ते म्हणाले. मग शंतनूकडे वळले. "राग आलाय मला. खोटं कशाला बोलू? पण बयाणा घेतल्यावर सांगितलं असतं, तर मी तुमचं काय करणार होतो? पोलिसात थोडाच गेलो असतो! तुम्ही हात पुढे केला नाही, हे मी बघितलंय."

ते गेले. पियूष पुढचे कितीतरी दिवस कारखान्यात कामापुरतंच बोलत होता. लग्नात तो मित्राच्या साध्या गाडीतून गेला. शंतनूला पत्रिका आली नाही. गावात हसायचे ते हसले. पानाच्या ठेल्यावर कोणी तरी विचारलंच, "काय भोईटे साहेब, गुडघे दुखतात का?" शंतनूने उत्तर दिलं, "हो, दुखत होते. आता उतार आहे." आणि विचारणाऱ्याला पिशव्यांचा, पंपाचा, खर्चाचा सगळा हिशोब उभ्या उभ्या सांगितला. त्यानंतर एक वेगळीच गोष्ट घडू लागली. कारखान्यातला एक अधिकारी हळूच येऊन म्हणाला, माझ्याकडेही तसलीच आहे, मीही कोणाला सांगितलं नाही. मग आणखी एक आला. मोठी गाडी घ्यायला निघालेले दोघे-तिघे आधी शंतनूकडे येऊन विचारून गेले.

गाडी शेवटी सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने नेली. दोष सांगून विकली, त्यामुळे फार थोडे पैसे आले. किमयाची फी भरली गेली, पण वसतिगृह सुटलं. ती आता देवासहून रोज बसने इंदूरला जाते. सुरुवातीला ती बापावर रुसली होती. धरमपुरीला मामाकडे सगळे मिळून राहून आले, तेव्हा कुठे तिचा रुसवा गेला.

माईंनी निसरपूरच्या बहिणीला फोन केला. काय बोलणं झालं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दिवाळीला बहीण धारला आली.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शंतनूला नेहमीच्या वेळी जाग आली. तो सवयीने पोर्चमध्ये गेला. फरशीवर तेलाचा एक डाग होता, बाकी काही नव्हतं. दूधवाला आला. शंतनूने स्वतः पातेलं पुढे केलं.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारात अशी एखादी वस्तू असते, जिच्याबद्दल आपण "एक नंबर" म्हणून मोकळे होतो. ती गाडी असेल, घर असेल, मुलाला घातलेली महागडी शाळा असेल. आपल्याला वाटतं, आपण फक्त आपली अब्रू राखतो आहोत. पण विचारणारा माणूस आपल्या शब्दावर विसंबून पाऊल टाकतो, आणि आपण ज्यात अडकलो त्यातच अडकतो. आपली फसवणूक झाली, यात आपली लाज नाही. ती लपवून पुढच्याला फसू देणं, ही लाज आहे! कोणी विचारलं, तर खरं सांगा. आणि शेजारी खरं सांगू लागला, तर त्याला हसू नका.